बकरीच्या मार्फत

बोडीटोला, ता. गडचिरोली, जि. चांदा
२३ ऑगस्ट १९५९

गं. भा. . . . . . . . . हिला आशीर्वाद.

नावाची जागा कोरी ठेवली आहे. मी तुझा भासरा, तू माझ्या धाकट्या भावाची बायको. तीस वर्षांत तुझं नाव माझ्या तोंडून निघालं नाही, ते आता कागदावर कसं घालू? तोंडानं घेणं आणि हातानं लिहिणं यात फरक धरतात की नाही, मला नीट ठाऊक नाही. चामोर्शीच्या बाजारात एका शिकलेल्या माणसाला विचारलं. तो हसला आणि वांगी निवडत राहिला. म्हणून कोरीच ठेवली. वर पत्ता तुझा भाऊ डोमा याच्या नावानं घातला आहे. त्यानं फोडलं तर फोडू दे, पण त्याला वाचायला देऊ नको.

तू समाजशिक्षणाच्या वर्गात अक्षरं शिकलीस, म्हणून अक्षर मोठं काढतो आहे. तू वर्गाला जाऊ लागलीस तेव्हा मी नको म्हटलं होतं, ते आता उकरून काढू नको.

होळीनंतर तू माहेरी गेलीस त्याला पाच महिने झाले. तुझ्या घराच्या छपराची कवेलू मी बाहेरून पाहतो. एका ठिकाणी सरकली आहेत. आत शिरणं मला बरं नाही, त्यामुळे आत गळतं का ते सांगता येत नाही.

लिहायची कारणं दोन. पहिलं आधी लिहितो.

पंचायतीचा नवा कायदा आला. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेल्यापासून सगळे कागद तिकडूनच येतात. या कायद्यात पंचायतीच्या दोन जागा बायांच्या आहेत. चावडीवर कागद वाचून झाला तसं रामाजी पाटलानं सांगून टाकलं की एक जागा त्याच्या बायकोची आणि दुसरी त्याच्या भावजयीची. तिथं आपल्या टोल्यातली म्हातारी वच्छला बसली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती म्हणाली, "पाटील, तुमच्या घरच्या बायांचा पाय तरी भिजला का कधी बोडीच्या पान्यात? आमच्या ढिवरांचं त्या काय सांगतीन?"

पाटील म्हणाला, "मग काय तू बसतं का खुर्चीवर?"

"मी कायले बसू? मले सकाळी काय खाल्लं ते ध्यानात राहत नाई. ज्याच्या ध्यानात राहते तिले बसवा."

आणि तिनं तुझं नाव घेतलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बिडी विझली का ते पाहत होतो.

तुझंच नाव का, ते तुला माहीत आहे. तरी लिहितो. टोल्यात नवरे मेलेल्या बाया तुझ्यासकट सहा. आपल्यात बोडीच्या तळ्यावर ज्याचा वार त्यानंच जाळं टाकायचं, आणि घरातला पुरुष गेला की त्या घराचा वार जातो. माझा सोमवार, माझ्या भावाचा बुधवार. सोमाजी तापानं गेला आणि बुधवार माझ्याकडे आला. मी घेतला नाही, आला. बाकीच्या पाचजणी गप्प बसल्या. तू एकटी बोललीस. बकरीला बोललीस, पण मी ऐकलं होतं.

माझी गुणाबाई होती तोवर आपलं बोलणं तिच्या मार्फत व्हायचं. ती गेल्यावर अंगणात मी, तू आणि बकरी उरलो. मी म्हणायचो, "बकरे, आज भात नको, तांदळाच्या कन्या चालतीन." तू म्हणायचीस, "बकरे, मीठ सरलं म्हनून सांग." बरं चाललं होतं. होळीनंतर तू बकरीला म्हणालीस, "मले बी हात हायेत. मी बुधवारी जाळं टाकीन, माह्या संगं बाकीच्या पाचजणी बी टाकतीन." मी बकरी मागच्या अंगणात नेऊन बांधली. दुसऱ्या दिवशी डोमा गाडी घेऊन आला.

बायांचं म्हणणं, तू पंचायतीत बसलीस तर हे तिथं बोलशील. तुझा विचार काय तो कळव. मला यात घालू नको. माझे गुडघे दुखतात.

दुसरं कारण आता तितकंसं मोठं वाटत नाही. राहू दे.

तुझा भासरा


९ सप्टेंबर १९५९

गं. भा. . . . . . . . . हिला आशीर्वाद.

तुझं कार्ड आलं. डाकवाल्यानं ते वाचलेलं होतं हे त्याच्या तोंडावरून कळलं. कार्ड लिहू नये, उघडं असतं. त्यात फार काही नव्हतं ही गोष्ट वेगळी. "पत्र भेटलं. यादीत माहं नाव हाये का?" एवढंच. 'हाये' मधला य उलटा आहे, पण वाचता येतो.

यादीत तुझं नाव नाही. मी चावडीवर जाऊन पाहून आलो. दुसरं कारण हेच होतं. मागच्या वेळी लिहायचं राहिलं.

मतदाराच्या यादीत ज्याचं नाव त्यालाच पंचायतीत उभं राहता येतं. आपल्या टोल्यातल्या पुरुषांची नावं आहेत. बायांत तिघींची आहेत, त्यासुद्धा माहेरवाशिणी, ज्यांची नावं बापानं सांगितली. सुनांपैकी कोणाचंही नाही.

ते कसं झालं ते तुला अर्धं माहीत आहे. पहिल्या निवडणुकीच्या आधी पटवारी यादी करायला आला, तेव्हा तो माझ्या ओट्यावर बसला, कारण टोल्यात तिसरी शिकलेला मी एकटा. तो घर सांगायचा, मी माणसं सांगायचो. पुरुषांचं नाव आणि बापाचं नाव. बाया आल्या की मी सांगायचो, चैतूची बायको, बुधूची आई, सोमाजीची बायको. तो तसंच लिहायचा. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सुनांची नावं मी घेणार नव्हतोच. निम्म्या टोल्याचा मी भासरा लागतो, उरलेल्यांचा सासरा. आणि बाया स्वतः आतून बोलल्या नाहीत. एकीला विचारलं तर ती पदराआड हसायला लागली.

मग मतदानाचा दिवस आला. चामोर्शीला पेट्या ठेवल्या होत्या, पेटीवर चित्रं. तुम्ही अकरा बाया पहाटेच निघालात. तू लग्नातलं हिरवं लुगडं नेसली होतीस हे मला गुणाबाईनं सांगितलं, मी पाहिलं नव्हतं. दुपारी अकराच्या अकरा परत आल्या. तिथल्या माणसानं सांगितलं होतं, अमक्याची बायको असं कोणाचं नाव नसतं, अशी सगळी नावं सरकारनं कापली. वच्छला वाटभर पेटीवाल्याची नक्कल करत आली. तू गुणाबाईला म्हणालीस, "बाई, त्यायले इचारा, मी हावो का नाई?" गुणाबाईनं मला तसंच विचारलं. मी म्हटलं, आहे म्हणून सांग.

एवढं अर्धं तुला माहीत आहे.

आता माझं ऐक. सरकारचं चुकलं, पटवाऱ्याचं चुकलं, रीतीचं असेल तर रीतीचं. त्यात माझा काय दोष, असं मी तेव्हापासून म्हणत आलो.

तुझ्या घराच्या ओसरीला मी बाहेरून सारवलं. वच्छलानं पाहिलं आणि टोलाभर सांगत सुटली, "भासरा शेनात हात घालून राह्यला, पाहा गा." मी म्हटलं, भिंत पडेल म्हणून. ती म्हणाली, "भिंत का गा, नाक पडन तुह्यं."

नाव घालायला अर्ज करता येतो. गडचिरोलीच्या कचेरीत जावं लागतं. तुला जायचं असेल तर डोमाला घेऊन जा. मी सांगितलं असं म्हणू नको.

तुझा भासरा


२७ सप्टेंबर १९५९

गं. भा. . . . . . . . . हिला आशीर्वाद.

तू अर्ज दिलास असं कळलं. स्वतःची सही केलीस हेही कळलं. बाकीच्या पाचजणीही तुझ्यामागून गडचिरोलीला जाऊन अंगठे देऊन आल्या. आधी मला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी काही अडवलं नसतं, पण सांगायला पाहिजे होतं. मग आठवलं, बकरी इथं आहे.

बकरी बरी आहे. एका पायानं लंगडत होती, आता नाही.

एक गोष्ट कळवायची आहे. तुझ्या एकटीच्या अर्जावर हरकत आली आहे. या गावात, या घरात अशी बाई नाही, अशी कोणीतरी लेखी हरकत दिली आहे. आता तारीख निघेल आणि नायब तहसीलदार चामोर्शीला बसून ऐकून घेतील. हरकत खरी ठरली तर अर्ज जाईल. पंचायतीत उभं राहण्याचे अर्ज दिवाळीनंतर घेणार आहेत, म्हणजे तोवर नाव चढलं नाही तर या खेपेला संपलं. पुढची खेप चार-पाच वर्षांनी. तेव्हा मी असेन नसेन.

हरकत कोणी दिली ते विचारत बसू नये. गावात वैर वाढतं.

रामाजी पाटील तसा वाईट माणूस नाही. सोमाजी गेला तेव्हा लाकडं त्याच्याच रानातली आली. त्याचं म्हणणं एवढंच की, पंचायत म्हणजे चूल नाही. काल तो बांधावर भेटला. म्हणाला, "इस्तारी, तुह्या भावसुनेनं लय मनावर घेतलं गा." मी म्हटलं, तिचं ती पाहील. तो म्हणाला, "अन् तू?" मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात.

बोडी काठोकाठ भरली आहे. बांध फुटेल की काय असं वाटतं. दिवसातून तीनदा पाहून येतो. फुटत नाही, पण पाहून यावं लागतं. या बुधवारी मरळ बरी लागली. हे लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं. खोडलं तर तुला वाटेल त्याखाली काही वेगळं होतं, म्हणून ठेवतो.

तू इकडे येऊ नको. डोमाकडेच सुखात राहा असं मला वाटतं.

तुझा भासरा


११ ऑक्टोबर १९५९

गं. भा. . . . . . . . . हिला आशीर्वाद.

तुझं दुसरं कार्ड आलं. "हरकतीवर अंगठा नाई, सही हाये म्हनते बाबू. टोल्यात सही कोनाले येते?"

टोल्यात सही दोघांना येते. एक तू, एक मी.

हे कार्ड हातात घेऊन मी ओट्यावर बसलो. डाकवाला गेला नव्हता. त्याला पाणी पाहिजे होतं की काय कोण जाणे. म्हणाला, "इस्तारीबुवा, जबाब देता का? थांबतो." मी त्याला जा म्हटलं.

सही माझी आहे. आता सांगायला घेतलं तर नीट सांगतो.

तू अर्ज दिलास त्याच्या चौथ्या दिवशी पाटलानं मला घरी बोलावलं. चहा दिला. कपात दिला, बशी होती. कागद तयार होता. त्यावर लिहिलं होतं की, सदर नावाची बाई आमच्या घरात नाही आणि आम्ही त्या नावाच्या बाईस ओळखत नाही. मी म्हटलं, पाटील, हे खोटं आहे.

"खोटं कसं गा? ते नाव कधी तुह्या तोंडातून निंगालं का?"

"नाही."

"त्या नावानं हाक मारली तिले कधी?"

"नाही."

"तिच्या तोंडाकडं पाह्यलं कधी?"

"राम राम, कसं पाहीन?"

"मग ओयखतं कसा तू तिले? ज्या बाईचं तोंड पाह्यलं नाई, नाव घेतलं नाई, ते ओयखीची झाली का? सांग."

मी चहा बशीत ओतला. सगळं खरंच बोलत होता तो, आणि कागद खोटा होता. मग तो म्हणाला, "ते पंचायतीत बसली का पह्यला तुहा बुधवार जाईन." हे तो शेवटी बोलला, पण मी चहा पिताना हेच मनात धरून होतो. सही मी एका दमात केली. अडत अडत केली असं लिहिणार होतो.

आता आणखी एक. मागच्या एका पत्रात पटवाऱ्याचं अर्धं लिहिलं होतं. उरलेलं अर्धं असं की, तो पुन्हा आला होता. सरकारनं मुदत वाढवली होती. अमक्याची बायको चालणार नाही, नाव पाहिजे, म्हणून तो महिन्यानं टोल्यात परत आला आणि माझ्याच ओट्यावर बसला. म्हणाला, "बुवा, तुम्ही नका घेऊ, कोणाकडून तरी वदवा, माझी नोकरी जाईल." गुणाबाई दारात उभी होती. ती मोठी जाऊ, तिला तुझं नाव घ्यायला काही आड येत नव्हतं. तिनं तोंड उघडलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मिटलं. मग मी पटवाऱ्याला म्हटलं, आम्हाला बायांची नावं ठाऊक नसतात.

का पाहिलं मी तिच्याकडे? तेव्हा कुठं बुधवाराचा प्रश्न होता? सोमाजी जिवंत होता. मला वाटलं, यादीत नाव चढलं की उद्या ते चावडीवर लागेल, कोणीही वाचेल, हसेल. आपल्या घरच्या बाईचं नाव भिंतीवर. असं वाटलं. एवढंच कारण आहे, यापेक्षा मोठं कारण मी शोधलं, सापडलं नाही.

गुणाबाईनं मला यावरून कधी टोकलं नाही. तुम्ही अकराजणी परत आलात त्या दिवशी तिनं मला ताट वाढलं आणि समोर बसली नाही, एवढंच.

तारीख २६ ऑक्टोबरची निघाली आहे. चामोर्शीला, शाळेत. मला बोलावणं आलं आहे. हरकत मागे घेता येते असं ग्रामसेवक म्हणतो. पण साहेबासमोर उभं राहून सांगावं लागतं की, ही बाई अमुक, ही माझ्या घरची. तेवढं मला जमेल की नाही ते मी आताच सांगू शकत नाही. तू ये. येऊ नको असं लिहिलं होतं ते कापून टाक.

तुझा भासरा


बोडीटोला
९ नोव्हेंबर १९५९

गं. भा. कुंता हिला आशीर्वाद.

डोमाचं धान निघेपर्यंत तू तिकडे थांबलीस ते ठीक आहे. त्यानं वेळेला गाडी दिली, त्याच्या कामाला हात लावायलाच पाहिजे. इकडची हकिगत लिहितो. चामोर्शीच्या दिवसाचंही लिहितो, कारण तू तोंड खिडकीकडे करून उभी होतीस. तुला मी कसा दिसलो असेन ते ठाऊक नाही. मला आतून काय होत होतं ते लिहितो.

साहेब वयानं लहान होता. बाकावर आपल्या टोल्यातल्या पाचजणी, वच्छला पुढे. पाटील माझ्या मागं. साहेबानं आधी तुला विचारलं. तुझं नाव तू सांगितलंस. मग त्यानं नवऱ्याचं विचारलं. आपल्याकडच्या बाया नवरा मेल्यावरही नाव घेत नाहीत, हे त्या साहेबाला कोण सांगणार?

तू म्हणालीस, "सोमाजी. सोमाजी वल्द लटारू ढिवर, बोडीटोला."

हळू नाही म्हणालीस. मी माझ्या भावाचं नाव तुझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. काही झालं नाही. बाबूनं टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं.

मग माझी पाळी. साहेब म्हणाला, "इस्तारी वल्द लटारू तुम्हीच? हरकत तुमची?"

"माझी. मागं घेतो."

"मग सांगा, ही बाई कोण?"

"माझ्या लहान भावाची बायको."

"नाव?"

मी घरून ठरवून निघालो होतो. वाटेत रानात दोनदा म्हणूनही पाहिलं होतं, मोहाच्या झाडापाशी, आजूबाजूला कोणी नाही हे पाहून. तिथं निघालं होतं. साहेबासमोर निघेना. साहेबानं पुन्हा विचारलं. बाबूनं विचारलं. मी टेबलाच्या पायाकडे पाहत राहिलो, त्याला एक खिळा वर आला होता.

मागून पाटील बोलला, "पाहा साहेब. घरच्या मानसालेच ठाऊक नाई. मी काय म्हनत होतो?"

तेव्हा तू दारातल्या शिपायाला म्हणालीस, "दादा, त्यायले सांगा, तोंडानं नसन होत त हातानं लिवा म्हना. मले चार पत्रं लिवलीत, चाराईत जागा कोरी हाये."

साहेब म्हणाला, "कसली पत्रं?"

तू कमरेच्या पिशवीतून काढलीस. मला वाटलं होतं तू फेकली असशील. साहेबानं एकेकाची वरची ओळ पाहिली. एक, दोन, तीन, चार. चौथं त्यानं पुढंही वाचलं, बराच वेळ. मी मनात म्हणत होतो की, चहाचा मजकूर त्यानं वाचू नये. त्यानं वाचला. पाटलाकडे एकदा पाहिलं. मग कोरा कागद माझ्यापुढं सरकवला आणि स्वतःचा पेन दिला.

मी लिहिलं. दोनच अक्षरं, पण अनुस्वार द्यायला विसरलो, तो मागून दिला.

साहेबानं कागद उचलून वाचला आणि तुला विचारलं, "कुंता तुम्हीच?" तू म्हणालीस, "मीच." मग तो मला म्हणाला, "अहो, इतकं सोपं होतं, मग बोलायला काय झालं होतं?"

यावर वच्छला उठली. "साहेब, हा मानूस दोन वर्सं हिच्यासंग बकरीच्या मार्फत बोलला. तुमी बकरीले बोलावलं असतं त कवाच झालं असतं."

शिपायासकट सगळे हसले. तूही हसलीस असं मला वाटतं, पदर हलला. पाटील हसला नाही. "लिवलं ते ठीक आहे साहेब, पन साक्ष तोंडी पाह्यजे," म्हणाला. साहेब म्हणाला, "मला लेखी चालते. हरकत मागे. पुढचा."

बाहेर आलो तेव्हा तू डोमाच्या गाडीत बसली होतीस. मला काहीतरी म्हणायचं होतं. आजूबाजूला बैल होते. बैलाला म्हणावं असं आलं मनात, पण डोमाचे बैल, माझी त्यांची ओळख नाही.

आता इकडचं. गेल्या दोन बुधवारी मी जाळं टाकलं नाही. बोडी तशीच राहिली. बुधूनं विचारलं, "का गा, बरं नाई का?" मी म्हटलं, वार माझा नाही. त्यानं विचारलं मग कोणाचा, मी म्हटलं धान निघालं की येईल. बाकीच्या पाच घरांच्या वारांचं मी काही सांगू शकत नाही. ते ज्यांच्याकडे गेले त्यांना सोडवत नाहीत. काल एकानं मला चारचौघांत शिवी दिली. ते तुला पंचायतीत बोलावं लागेल, आणि सोपं जाणार नाही. पाटलाची बायको उभी राहते आहे. भावजय राहत नाही, यादीत तिचं नाव तिसरंच निघालं.

अर्ज भरायला सही लागेल. सराव कर. य सरळ काढत जा.

सोमवारी नवी यादी चावडीवर लागली, म्हणजे आज सकाळी. मी गुडघ्याचं कारण सांगून जाणार नव्हतो. वच्छला दारात येऊन उभी राहिली. "चाल. आमाले वाचता येत नाई. तुले येते." तिच्यामागं सगळ्या होत्या, पाचजणी आणि आणखी कितीतरी, ज्यांची नावं अजून कुठंच नाहीत त्याही. चावडीवर पाटलाची माणसं बसली होती. मी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

वरून वाचायला लागलो. पुरुषांची नावं आली, माझं आलं, बुधूचं आलं. मग नव्यानं चढलेल्या बाया. गोकुळा बेवा डोनू. मी वाचलं. ती माझी सूनच लागते. सुकरी बेवा चैतू. वाचलं. प्रत्येकीनं आपलं आलं की मागच्या बाईला कोपर मारलं. एकीनं तर मला त्या ओळीवर बोट ठेवायला लावलं आणि मग स्वतःचं बोट ठेवून पाहिलं.

एकोणसत्तर नंबरला थांबलो. चावडीवरचं एक पोरगं म्हणालं, "काऊन थांबलं म्हातारं?"

मी वाचलं. कुंता बेवा सोमाजी, घर नंबर बारा, वय पंचेचाळीस.

वच्छला म्हणाली, "आयकू नाई आलं."

तिला ऐकू आलं होतं. मी पुन्हा वाचलं, मोठ्यानं.

इस्तारी लटारू

ता. क. या वेळी पत्त्यावर डोमाचं नाव घातलेलं नाही. डाकवाल्याला सांगून ठेवलं आहे.